मांडीच्या हाडाचा अस्थिभंग : संकेतांकन व नोंद

मांडीचे हाड, म्हणजे ऊर्वस्थी, कोठे व कसे मोडले, कोणत्या बाजूचे आणि उपचार कोणत्या टप्प्यावर आहेत, हे ठरीव संकेतांकात मांडण्याची व त्यासाठी लागणारा तपशील केसपेपरवर उतरवण्याची पद्धत. संकेतांक जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणातून, म्हणजे आयसीडीतून घेतात.

या वर्गीकरणाचा उगम कोणी विल्यम फार व मार्क देस्पीन यांच्या १८५५ मधील याद्यांत पाहतात, तर कोणी झाक बेर्तीयाँ यांच्या १८९३ च्या यादीत. या याद्या मृत्यूच्या कारणांच्या होत्या. आजारपणाच्या नोंदीसाठी वर्गीकरण वापरणे व दुखापतीचे कारण आणि स्वरूप वेगवेगळे नोंदवणे १९४८ च्या सहाव्या आवृत्तीत रुजले. त्यामुळे अस्थिभंगापुरता आरंभ तेथून धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

नवव्या आवृत्तीत ऊर्वस्थीच्या मानेला ८२० आणि उर्वरित भागाला ८२१ असे क्रमांक होते. दहावीत एस ७२ हा गट आला : मान ७२.०, ट्रोकँटरचा, म्हणजे मानेलगतच्या उंचवट्यांचा, भाग ७२.१, त्याखालचा ७२.२, मधला दांडा ७२.३, गुडघ्याकडील टोक ७२.४. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पासून रूढ झालेल्या विस्तारित आवृत्तीत संकेतांक सात अक्षरी आहे. ‘उजव्या मांडीचे हाड मोडले’ एवढेच लिहिले, तर एस ७२.९१एक्सए हा मोघम संकेतांक मिळतो. ‘उजवा दांडा, आडवी मोड, तुकडे सरकलेले, खुली जखम, गस्टिलो दोन’ (खुल्या अस्थिभंगाच्या तीव्रतेचा दुसरा प्रकार) असे लिहिले, तर सक्रिय उपचार चालू असताना एस ७२.३२१बी होतो. हाड सरकले की नाही हे लिहिलेले नसेल तर सरकलेले धरतात. जखम खुली की बंद हे नसेल तर बंद.

उपचारांचा टप्पा दाखवणारे सातवे अक्षर सर्वांत फसवे आहे. बंद अस्थिभंगातील ‘ए’ म्हणजे पहिली भेट नव्हे. सक्रिय उपचार चालू असेपर्यंत, डॉक्टर बदलले तरी, तेच राहते. खुल्या अस्थिभंगात ‘बी’ व ‘सी’ ही अक्षरे गस्टिलो-अँडरसन वर्गीकरणावर (१९७६, तिसऱ्या प्रकाराचे पोटभेद १९८४) ठरतात. पहिला व दुसरा प्रकार ‘बी’त, तिसऱ्याचे पोटभेद ‘सी’त. जखमेची खरी व्याप्ती शस्त्रक्रियागृहात ती साफ करतानाच कळते, म्हणून अपघात विभागातील पहिल्या नोंदीपेक्षा शस्त्रक्रियेच्या टिपणावर विसंबणे श्रेयस्कर.

अस्थिसुषिरतेने (ऑस्टिओपोरोसिसने) ठिसूळ झालेले हाड किरकोळ पडण्याने मोडले, तर एस ७२ ऐवजी एम ८० गट वापरावा, असा अमेरिकी नियम आहे. निरोगी हाड तेवढ्या पडण्याने मोडले नसते, ही त्याची कसोटी. प्रत्यक्षात ती लावणे कठीण जाते, कारण वृद्ध रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर ‘घरात पडल्या’ एवढेच असते, अस्थिसुषिरतेचे निदान नसते. कोडरला, म्हणजे संकेतांक देणाऱ्याला, ते स्वतःहून जोडता येत नाही. डॉक्टरांना विचारावेच लागते. कृत्रिम सांध्याभोवतीच्या अस्थिभंगाला एम ९७ हा वेगळा गट आहे.

जागतिक संघटनेच्या मूळ दहाव्या आवृत्तीत खुले-बंद दाखवणारा पाचवा अंक ऐच्छिक आहे. १ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या अकराव्या आवृत्तीत ऊर्वस्थीभंग एनसी ७२ खाली असून बाजू वगैरे तपशील पुरवणी संकेतांकाने जोडतात.

भारतात रुग्णालयातील मृत्यूचे कारण वैद्यकीय प्रमाणपत्रात, नमुना ४ वर, लिहितात. मांडीचे हाड मोडून अंथरुणाला खिळलेली व्यक्ती न्यूमोनियाने दगावली, तर न्यूमोनिया, त्याखाली अस्थिभंग आणि सर्वांत खाली पडणे अशी साखळी लिहावयाची असते; मूळ कारण म्हणून पडण्याचाच संकेतांक निवडला जातो.