प्लाझा करार (१९८५)

अमेरिका, जपान, पश्चिम जर्मनी, फ्रान्स आणि ब्रिटन या पाच देशांनी मिळून डॉलर स्वस्त करायचं ठरवलं, तो हा करार. २२ सप्टेंबर १९८५ला, रविवारी, पाचही देशांचे अर्थमंत्री आणि सेंट्रल बँकांचे प्रमुख न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात जमले, म्हणून हे नाव. अमेरिकेकडून अर्थमंत्री जेम्स बेकर आणि सेंट्रल बँकेचे प्रमुख पॉल व्होल्कर होते, जपानकडून अर्थमंत्री नोबोरू ताकेशिता, जे पुढे पंतप्रधान झाले.

डॉलर एवढा महागला कशामुळे? महागाई मोडायला व्होल्कर यांनी १९८१च्या आसपास व्याजदर २० टक्क्यांजवळ नेले, त्यात रेगन सरकारने टॅक्स कापले आणि तूट भरायला कर्ज काढलं, मग जगभरचा पैसा चांगल्या व्याजासाठी अमेरिकेत यायला लागला आणि डॉलर चढतच गेला. अमेरिकन माल बाहेर खपेना, जपानी गाड्या आणि टीव्ही मात्र तिथे धडाधड विकले जात होते. कारखाने बंद पडायला लागले तशी आयातीवर बंधनं घाला अशी ओरड अमेरिकेच्या संसदेत, म्हणजे काँग्रेसमध्ये, सुरू झाली. आपलं चलन महाग होऊ देणं हे निर्यातीवर जगणाऱ्या देशाला नकोच असतं, पण अमेरिकेचं मार्केटच बंद झालं तर काय, या भीतीने जपान आणि जर्मनी तयार झाले.

पद्धत सरळ होती, सगळ्या सेंट्रल बँकांनी एकाच वेळी डॉलर विकायचे आणि जपानचा येन, जर्मनीचा मार्क घ्यायचे. फेब्रुवारी १९८५पासून डॉलर तसाही उतरायला लागला होता, पण पाचही सरकारं एका बाजूला आहेत हे कळल्यावर व्यापाऱ्यांनीही डॉलर विकायला काढले. करारापूर्वी डॉलरला साधारण २४० येन मिळायचे, वर्षाअखेर २०० आणि १९८७ संपताना १२०च्या आसपास.

जपानी निर्यातदारांचं कंबरडंच मोडलं. त्यांना सावरायला बँक ऑफ जपानने व्याजदर २.५ टक्क्यांपर्यंत खाली आणला, आणि तो स्वस्त पैसा जमिनीत आणि शेअर्समध्ये गेला. निक्केई, म्हणजे जपानचा शेअर निर्देशांक, १९८९च्या शेवटी ३८,९१५वर पोचला, मग कोसळला, आणि ती पातळी परत ओलांडायला २०२४ उजाडलं. जपान बुडाला तो प्लाझामुळेच असं खूप जण सांगतात, मला ते अर्धंच पटतं, कारण मार्कही असाच वधारला होता पण जर्मनीत एवढा मोठा फुगा आला नाही, म्हणजे खरी चूक नंतर घरी घेतलेल्या निर्णयांची.

अमेरिकेची व्यापारी तूट तर लगेच कमी झालीच नाही, १९८७पर्यंत वाढतच होती. शेवटी फेब्रुवारी १९८७मध्ये पॅरिसला लूव्र करार करून डॉलरची घसरण थांबवायचं ठरलं, तेव्हा कॅनडाही आला, इटली मात्र बाहेरच राहिला.

आपल्याकडे याची झळ मारुतीला लागली. ८००चे बरेच सुटे भाग तेव्हा जपानहून यायचे, येन वधारला तसे ते महाग झाले आणि पार्ट इथेच बनवायची घाई वाढली.