कॅप हलते, इम्प्लांट नाही: दंतरोपणाच्या तक्रारींची पार्श्वभूमी

इम्प्लांट म्हणजे गेलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसवलेलं धातूचं मूळ. त्यावरची कॅप हलू लागली की इम्प्लांटच गेलं, अशी बहुतेकांची समजूत होते. पण हाडात नीट रुजलेलं इम्प्लांट हलत नाही. बहुतेक वेळा ढिला झालेला असतो तो कॅप किंवा अबटमेंट (कॅप आणि इम्प्लांट यांना जोडणारा मधला भाग) धरून ठेवणारा आतला छोटा स्क्रू. आजच्या बऱ्याच तक्रारींची मुळं जुन्या रचनेत आहेत. एकेका पिढीनं आधीची अडचण सोडवली आणि त्यातूनच पुढची उभी राहिली.

१९६०च्या दशकात पात्यासारखी धातूची इम्प्लांटं हाडात ठोकून बसवत. त्याआधी हिरडीखाली, हाडावर टेकणाऱ्या धातूच्या जाळ्या बसवल्या जायच्या. दोन्हींत धातू आणि हाड यांच्यामध्ये मऊ तंतुमय थर तयार व्हायचा आणि इम्प्लांट किंचित हलायचं. गंमत म्हणजे खऱ्या दाताभोवतीही असाच लवचीक थर असतो, म्हणून अनेकांना ते हलणं चांगलंच वाटे. प्रत्यक्षात तो थर वाढत जाई आणि पू होऊन इम्प्लांट काढावं लागे.

दरम्यान १९५२च्या सुमारास स्वीडनमधल्या लुंड इथं पेर-इंगवार ब्रोनेमार्क सशाच्या पायाच्या हाडातला रक्तप्रवाह पाहत होते. त्यासाठी बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण प्रयोग संपल्यावर निघेच ना. हाड त्याला थेट चिकटलं होतं. १९६५ साली गोथेनबर्गमध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले. पुढे १९८२च्या टोरांटो परिषदेनंतर ही पद्धत जगभर स्वीकारली गेली.

त्यांचे नियम कडक होते. ड्रिल करताना सलाइनची धार चालूच ठेवायची, कारण हाड मिनिटभर ४७ अंश सेल्सिअसला तापलं तरी त्याला इजा होते. मग इम्प्लांट हिरडीखाली झाकून खालच्या जबड्यात ३ महिने आणि वरच्यात ६ महिने थांबायचं. बसवल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच जे इम्प्लांट हलू लागतं, तिथं बहुधा हाड तापलेलं असतं, जंतुसंसर्ग झालेला असतो किंवा घाईनं भार आलेला असतो. असं इम्प्लांट घट्ट करता येत नाही. ते काढायचं, हाड भरू द्यायचं आणि मग नव्यानं बसवायचं.

स्क्रू ढिला होण्याचं मूळही त्याच रचनेत आहे. इम्प्लांटच्या माथ्यावर जेमतेम ०.७ मिमी उंचीचा षट्कोन होता, तोही इम्प्लांट फिरवून आत नेताना पकड मिळावी म्हणून. सगळे दात गेलेल्या जबड्यात पाच-सहा इम्प्लांटं एकाच पट्टीनं जोडलेली असत, त्यामुळे फिरण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे एकेकटा दात बसवायला सुरुवात झाली आणि चावण्याचा सगळा पीळ त्या इवल्याशा षट्कोनावर आणि त्यातल्या स्क्रूवर आला. म्हणून नंतरच्या रचनांत जोड इम्प्लांटच्या आत, खोलवर नेला.

तरीही स्क्रू ढिले होतात. घट्ट आवळलेला स्क्रू रबरासारखा किंचित ताणला जातो आणि त्या ताणावरच जोड टिकतो. अबटमेंटचा स्क्रू साधारण ३० ते ३५ न्यूटन-सेंटिमीटरला (हे पिळाच्या जोराचं माप) आवळतात. नेमका आकडा कंपनीप्रमाणे बदलतो. हाताच्या जोरानं तेवढं होत नाही, टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोरानं आवळणारा पाना, लागतो. शिवाय आवळल्यावर धातूचे सूक्ष्म उंचवटे चेपतात आणि थोडा ताण जातो, म्हणून १० मिनिटांनी पुन्हा त्याच आकड्याला आवळायचं. ही दुसरी फेरी टाळली जाते आणि काही महिन्यांत कॅप डुगडुगू लागते. तशा कॅपवर चावत राहिलं तर स्क्रू तुटतो. पण तुटला की ताणही जातो, त्यामुळे आतला तुकडा अनेकदा सैलच असतो. प्रोबचं, म्हणजे दात तपासायच्या बारीक सळईचं, टोक त्यावर टेकवून उलट्या दिशेनं हळूहळू फिरवलं, किंवा अल्ट्रासॉनिक टोकाची हलकी थरथर दिली, की तो वर येतो. लगेच ड्रिल लावलं तर आतले आटे खराब होतात आणि मग चांगलं रुजलेलं इम्प्लांटही निकामी होतं.

कॅपवरचं स्क्रूचं भोक दिसू नये म्हणून १९९०च्या दशकात सिमेंटनं चिकटवलेल्या कॅपा लोकप्रिय झाल्या. दिसायला छान, पण दाताला जसे हिरडीचे धागे आडवे घुसलेले असतात, तसे इम्प्लांटला नसतात. त्यामुळे जास्तीचं सिमेंट सहज खाली उतरतं आणि तिथंच राहतं. कॅपची कड हिरडीखाली दीड मिमीहून खोल असेल तर ते पूर्ण काढणं अवघड. हिरडी सुजणं, रक्त, पू हे सगळं कधी काही महिन्यांनी, तर कधी काही वर्षांनी दिसतं. शक्य तिथं स्क्रूची कॅप बरी, असं आमचं मत.

त्याच सुमाराला इम्प्लांटचा पृष्ठभाग मुद्दाम खडबडीत केला गेला. वाट पाहण्याचा काळ ६ ते ८ आठवड्यांवर आला. पण हाड खाली सरकून तोच खडबडीत भाग उघडा पडला की जंतूंचा थर तिथं घट्ट बसतो आणि आट्यांमधून निघत नाही. नुसती हिरडी सुजली असेल तर सफाईनं ती पूर्ववत होते. हाड झिजू लागलं की त्याला पेरी-इम्प्लांटायटिस म्हणतात आणि गेलेलं हाड भरवशानं परत येत नाही. जुना एक्स-रे हाताशी नसेल तर हिरड्यांच्या आजारांच्या २०१७च्या जागतिक वर्गीकरणानुसार रक्तस्राव, हिरडी आणि इम्प्लांट यांच्यामधल्या फटीची ६ मिमी किंवा जास्त खोली आणि ३ मिमी किंवा जास्त हाडझीज पाहून निदान करतात. म्हणून कॅप बसल्यावरचा पहिला एक्स-रे जपायचा. दुखेपर्यंत थांबू नये, कारण बऱ्याचदा शेवटपर्यंत दुखतच नाही.

घरी प्लास्टिकचं आवरण असलेल्या तारेचा, फटीत जेमतेम बसणारा इंटरडेंटल ब्रश वापरावा. आटे उघडे पडले असतील तर साधा फ्लॉस नको. त्याचे तंतू खडबडीत भागावर अडकून तिथंच राहतात. क्लिनिकमध्ये सफाईसाठी स्टीलच्या टोकाऐवजी प्लास्टिक किंवा टायटॅनियमचं टोक, नाहीतर ग्लायसिन पावडरचा फवारा.

इम्प्लांटसोबत मिळणारं कार्डही टाकून देऊ नये. त्यावर कंपनी, मॉडेल आणि व्यास असतो. स्क्रू काढायच्या षट्कोनी ड्रायव्हरच्या दोन प्रचलित मापांत फरक आहे सुमारे ०.०५ मिमीचा. डोळ्यांना तो दिसत नाही, पण लहान ड्रायव्हर मोठ्या भोकात फिरला की स्क्रूचं डोकं घासून गोल होतं आणि दहा मिनिटांचं काम तासावर जातं.