हप्त्याला सूट आणि व्याजाला सूट

माझी बहीण देवगडच्या बाजूला दिलेली आहे. तिची मुलगी गोठ्यातच वाढली. कपिला व्यायला आली की पोरगी शाळा बुडवून तिच्याजवळ बसून राहायची. जनावरांची डॉक्टर व्हायचं, तेही परदेशात शिकून, हा तिचा हट्ट होता आणि प्रवेश मिळालाही. पहिल्या वर्षाचे पैसे तिकडे वर्ग झाले त्याला सात महिने होऊन गेले, तेव्हा भावोजींनी पडवीत कर्जखात्याचा उतारा माझ्यापुढे ठेवला. वरच्या ओळीत १२ लाख, खाली महिन्याच्या महिन्याला व्याजाची एकेक नोंद आणि शेवटी बाकी १२ लाख ७० हजार. त्या आकड्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "हप्तो सुरू झालोच नाय, मगे बाकी कशी वाढली?"

भावोजी हिशेबाला पक्के आहेत, तरी ते फसले, कारण दोन वेगळ्या गोष्टी आपल्याकडे ‘सूट’ या एकाच शब्दात बोलल्या जातात.

पहिली सूट हप्त्याला. बँकेत तिला मोरेटोरियम म्हणतात. बँकांच्या नमुना शैक्षणिक कर्ज योजनेत शिक्षणाचा काळ आणि त्यापुढे एक वर्ष एवढा काळ हप्ता मागत नाहीत. पण व्याज पहिली रक्कम बाहेर पडली त्या दिवसापासून चालू असतं. या काळात ते सरळव्याजाने धरतात, आणि मुदत संपली की साठलेलं सगळं व्याज मुद्दलात मिसळून त्या एकूण रकमेवर हप्ता बांधतात.

दुसरी सूट व्याजाला. इथे तुमच्या वाटचं व्याज दुसरं कोणी भरतं, बहुतेक वेळा सरकार. ही सूट कर्जासोबत आपोआप येत नाही. तिच्यासाठी वेगळा अर्ज, उत्पन्नाचा दाखला आणि योजनेत बसणारा अभ्यासक्रम लागतो. वर्तमानपत्रात ‘शैक्षणिक कर्जावर व्याजमाफी’ असा मथळा दिसतो तो या सुटीचा. केंद्राची जुनी व्याज अनुदान योजना आणि २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी या दोन्ही भारतात शिकणाऱ्यांसाठी आहेत. अल्पसंख्याक मुलांसाठी असलेली ‘पढो परदेश’ २०२२-२३ पासून बंद आहे. इतर मागासवर्गीय आणि आर्थिकदृष्ट्या मागास मुलांसाठीची डॉ. आंबेडकर योजना परदेशी शिक्षणाची होती, पण पदव्युत्तर आणि त्यापुढच्या शिक्षणाची. बारावीनंतर थेट पदवीला जाणारी आमची भाची यांतल्या एकीतही बसत नव्हती. राज्याच्या इतर मागासवर्गीय वित्त आणि विकास महामंडळाची एक योजना आहे, पण तिचं नावच ‘व्याज परतावा’. म्हणजे आधी तुम्ही बँकेला व्याज भरायचं, मग ते परत मिळायचं. जो ‘आत्ता काही भरायचं नाही’ म्हणून स्वस्थ बसला, त्याला परतावा कशाचा देणार? ज्यांना लागू होत असेल त्यांनी महामंडळाच्या जिल्हा कार्यालयात एकदा जाऊन अटी समजून घ्याव्यात.

हा गोंधळ पशुवैद्यकाच्या शिक्षणात सगळ्यात महाग पडतो. वर्षभराचं एमएस करणाऱ्याचं व्याज दोन वर्षं साठतं. पण लंडनचं रॉयल व्हेटरनरी कॉलेज असो की एडिंबरा, ग्लासगो, बारावीनंतर जाणाऱ्याला पदवीला साधारण पाच वर्षं लागतात. अमेरिकेत तर आधी कॉलेजची काही वर्षं आणि त्यानंतर चार वर्षांचं डीव्हीएम, म्हणजे पशुवैद्यकाची पदवी. पाच वर्षं आणि वरचं एक मिळून सहा वर्षं व्याज चढत राहतं.

समजा, दर वर्षाच्या सुरुवातीला १२ लाख असं पाच वर्षांत ६० लाख उचललं आणि व्याजदर १० टक्के धरला. व्याज फक्त उचललेल्या रकमेवर लागतं. पहिल्या वर्षी १ लाख २० हजार, दुसऱ्या वर्षी २ लाख ४० हजार, असं वाढत पाचव्या आणि सहाव्या वर्षी ६-६ लाख. बेरीज २४ लाख. ६० चे ८४ लाख झाल्यावर हप्ता सुरू होतो. १५ वर्षांची मुदत धरली तर ८४ लाखांना महिना सुमारे ९०,३०० रुपये आणि ६० लाखांना सुमारे ६४,५००. मधे न भरलेल्या २४ लाखांपोटी पुढे ४६ लाखांवर रक्कम जाते.

सगळं व्याज भरणं प्रत्येक घराला झेपणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण या काळात भरलेला प्रत्येक लाख पुढच्या हप्त्यातून महिन्याला सुमारे १,०७५ रुपये कमी करतो, म्हणजे १५ वर्षांत १ लाख ९३ हजार. सुरुवातीची दोन वर्षं आकडा लहान असतो, तेवढं तरी भरावं.

आणि इथे आपल्या बागायतदाराला एक गोष्ट सोयीची आहे. नोकरदारासारखा महिन्याला पैसा त्याच्याकडे येत नाही. मोहोर टिकला, फुलकिडे आवरले, वाशीच्या बाजारातून विक्रीच्या हिशेबाची पट्टी आली, की मे-जूनमध्ये एकदम येतो. व्याज सरळव्याजाने असेल तर ते दरमहा भरलं काय आणि आंबा संपल्यावर वर्षातून एकदा भरलं काय, मुद्दलात मिसळायच्या आत भरलं की पुरे. मात्र कर्ज खासगी वित्तसंस्थेचं असेल तर आधी विचारा: सरळ की चक्रवाढ, आणि शिक्षण चालू असताना दरमहा काही भरणं बंधनकारक आहे का? काही बँका या काळात व्याज भरणाऱ्याला दरात १ टक्का सवलत देतात. तीही विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

आयकरातली सवलत, जी सगळे ८०ई म्हणून ओळखतात, ती जुन्या करपद्धतीत भरलेल्या व्याजावर मिळते आणि करपात्र उत्पन्नातून भरलेल्या. आंब्याचं उत्पन्न शेतीचं, त्यावर करच नाही, म्हणून भावोजींना तिचा उपयोग शून्य. माझी बहीण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. कर्जात तिचंही नाव आहे, म्हणून व्याज तिच्या पगारखात्यातून गेलं तर तिला वजावट मिळते. फक्त ही वजावट व्याज भरायला लागल्यापासून आठच वर्षं चालते, तेव्हा नावापुरते दोन-चार हजार भरून ती वर्षं खर्ची घालू नयेत.

यंदा कॅनिंगचा, म्हणजे डबाबंद रसासाठीचा आंबा गेल्यावर भावोजी आणि बहीण दोघं शाखेत गेली. बागेचे पैसे घरखर्चाला ठेवले आणि तिच्या खात्यातून १ लाख २० हजार भरले. सोबत साध्या कागदावर अर्ज दिला: ‘ही रक्कम मोरेटोरियम काळातील व्याजापोटी जमा करावी.’ त्याच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली आणि आठ दिवसांनी नवा उतारा काढून आणला. बाकी १२ लाख होती.