लहान टाकीतील सिक्लिड : सोबती माशांची निवड

सिक्लिड कुळातील मासे घरगुती टाकीत पाळताना त्यांच्यासोबत कोणते मासे ठेवावेत, कोणते टाळावेत, हे ठरवण्याची रीत. येथे लहान टाकी म्हणजे आपल्याकडे ‘दोन फुटी’ म्हणून मिळणारी, दोन फूट लांब आणि प्रत्येकी एक फूट रुंद व उंच असलेली काचपेटी धरली आहे. हिशोबाने तिच्यात सुमारे ५६ लिटर पाणी मावते. वाळू, दगड आणि वरची रिकामी जागा वजा केली तर प्रत्यक्षात ४५ लिटरच्या आसपास उरते.

सिक्लिड कुळात १,७०० हून अधिक जातींची नोंद झाली आहे. दक्षिण व मध्य अमेरिका, आफ्रिका, मादागास्कर, पश्चिम आशियातील काही भाग, भारत आणि श्रीलंका हे त्यांचे मूळ प्रदेश. बहुतेक मासे अंडी घालून मोकळे होतात. सिक्लिड मात्र अंडी आणि पिल्ले राखतात. काही जाती दगडावर किंवा कपारीत अंडी घालून पहारा देतात, काही ती तोंडात धरून उबवतात. टाकीतली बरीचशी मारामारी या राखणीतून उद्भवते. दुकानात महिनाभर गुण्यागोविंदाने राहिलेली जोडी घरी आल्यावर अंडी घालते आणि त्याच दिवशी शेजाऱ्यांवर तुटून पडते. माशांच्या दुकानांत भिंतीवर लावलेले ‘कोणाचे कोणाशी जमते’ असे तक्ते म्हणूनच फारसे कामाचे नसतात. त्यांत जातीचे नाव असते, पण मासा विणीवर आहे की नाही, टाकी केवढी आहे, हे नसते.

नदीत किंवा सरोवरात हरलेला मासा पळून जातो आणि भांडण तिथेच संपते. दोन फुटी टाकीत पळायला जागाच नाही. असा मासा ओळखायला सोपा असतो : पृष्ठभागालगत, हीटर किंवा फिल्टरच्या मागच्या कोपऱ्यात तो तिरका उभा राहतो, शेपटीच्या कडा फाटलेल्या दिसतात, अन्न टाकले तरी खाली उतरत नाही. दोन-चार दिवसांत त्याला बाहेर काढले नाही तर तो मरतो आणि मालक दोष पाण्याला देतो.

टाळायच्या जाती

ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न आणि पॅरट हे आपल्या बाजारातले सर्वांत खपाचे सिक्लिड, आणि तिन्ही या टाकीसाठी निरुपयोगी. ऑस्करचे बोटाएवढे पिल्लू विकले जाते. तो ३० सेंटीमीटरपर्यंत वाढतो. फ्लॉवरहॉर्न हा मलेशियात १९९० च्या दशकात संकरातून तयार झालेला मासा. कपाळावरच्या टेंगळामुळे लोक त्याला भाग्याचा मानतात, पण मोठ्या टाकीतही तो एकटाच ठेवावा लागतो. काळे-पांढरे पट्टे असलेला कॉन्व्हिक्ट आकाराने लहान, मात्र विणीच्या काळात एक जोडी दोन फुटांचा सगळा तळ बळकावते. एंजल शांत दिसतो, म्हणून लोक तो निऑन टेट्रा या थव्याने राहणाऱ्या छोट्या माशांबरोबर घेतात. पूर्ण वाढलेला एंजल निऑन सहज गिळतो, शिवाय त्याला एक फुटापेक्षा जास्त उंची लागते.

मलावी सरोवरातल्या रंगीत ‘म्बुना’ सिक्लिडांबद्दल एक गैरसमज पक्का झाला आहे. मोठ्या टाकीत ते मुद्दाम दाटीने ठेवतात, म्हणजे दांडग्या नराचा राग एकावर न पडता अनेकांत विभागला जातो. चार फुटांच्या पुढे हा उपाय चालतो. दोन फुटांत तोच केला तर पाणी लवकर खराब होते आणि मार खाणाऱ्याला आडोसाही मिळत नाही.

जोडी आणि तिचे सोबती

दोन फुटी टाकीत सिक्लिडची एकच जात आणि शक्यतो एकच जोडी ठेवावी. बाकीचे सोबती दुसऱ्या कुळातले आणि पाण्याच्या वरच्या थरात फिरणारे असावेत. सिक्लिड तळ राखतात, त्यामुळे वर पोहणाऱ्याशी त्यांचा झगडा कमी होतो. लहान थव्याचा आणखी एक उपयोग आहे. वर मासे निर्धास्त फिरत असले की खाली लाजाळू सिक्लिडला आसपास शिकारी नसल्याची खात्री पटते आणि तो कपारीतून बाहेर येतो. थवा नसेल तर किमती मासे आणूनही टाकीत नुसते दगड बघत बसावे लागते.

रॅम हा व्हेनेझुएला आणि कोलंबियातील ओरिनोको खोऱ्यातला, पाच-सहा सेंटीमीटरचा मासा. १९४८ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन झाले. त्याला २७ ते ३० अंश सेल्सिअसचे पाणी लागते आणि सोबत्यांची निवड इथेच निम्मी होते : निऑन टेट्राला एवढी ऊब सोसत नाही, कार्डिनल टेट्राला सोसते. तळाशी मासा हवाच असेल तर कॉरिडोरासपैकी स्टर्बाय ही जात या तापमानात टिकते. मात्र कॉरिडोरास रात्री अंडी खातात, तेव्हा पिल्ले हवी असणाऱ्याने तो मोह टाळावा. मादी ओळखण्यासाठी अंगावरचा काळा ठिपका नीट पाहावा. मादीच्या ठिपक्यात निळे चमकदार कण विखुरलेले असतात आणि पोटावर गुलाबी झाक असते.

अपिस्टोग्रामा (हौशी लोकांत ‘अपिस्टो’) दक्षिण अमेरिकेतला. यातील काकाटुऑइडीस ही जात नवख्याला झेपते. निसर्गात एका नराच्या हद्दीत अनेक माद्या आपापली कपार राखतात; दोन फुटांत मात्र एक नर, एक मादी एवढेच बरे. अंडी राखणारी मादी झळझळीत पिवळी होते आणि आपल्याहून मोठ्या नराला टाकीभर पिटाळते. त्या दिवसांत नराला दडायला जलवनस्पतींची दाट बाजू हवी. पेन्सिलफिश हा अपिस्टोचा सर्वांत निरुपद्रवी सोबती.

क्रिबेन्सिस किंवा क्रिब हा नायजेरिया-कॅमेरूनकडचा मासा. नर दहा सेंटीमीटरपर्यंत जातो, म्हणजे या टाकीच्या मर्यादेवरचाच. प्रियाराधन मादीच करते : चेरीच्या रंगाचे पोट नराकडे वळवून अंग कमानीसारखे वाकवते आणि थरथरते. अंडी घालायला कपार लागते. नारळाची करवंटी काठाला खाच पाडून उपडी ठेवली की काम भागते, विकतची गुहा घ्यायचे कारण नाही. पिल्ले पोहू लागल्यावर ही जोडी निम्म्याहून अधिक तळ ताब्यात घेते. कॉरिडोराससारख्या तळच्या माशाला हद्द ही कल्पनाच कळत नाही. तो हाकलला तरी पुन्हा तिथेच येतो आणि डोळे गमावतो. क्रिबसोबत झेब्रा डॅनिओचा सहा-सात जणांचा थवा ठेवावा. चपळ असल्याने ते सहसा हाती लागत नाहीत.

टांगानिका सरोवरातील मल्टिफॅसिएटस (‘मल्टी’) हा बहुधा या टाकीला सर्वांत योग्य सिक्लिड, आणि त्याला कोणी सोबतीच लागत नाही. नर चार-साडेचार सेंटीमीटर, मादी त्याहून लहान. सिक्लिडांतील सर्वांत छोट्या जातींपैकी ही एक. गोगलगायीच्या रिकाम्या शंखात राहायचे, शंखातच अंडी घालायची. बारीक वाळूवर डझनभर शंख पसरून पाच-सहा मासे सोडले की वसाहत वाढू लागते. ते तोंडाने वाळू उपसून शंख हवे तसे पुरतात. कालची सजावट आज ओळखू येत नाही.

काच साफ राहावी म्हणून दुकानदार सोबत ‘सकर’ देतो. तो फूटभर वाढतो, घाणही तेवढीच करतो. शेवाळासाठी ओटोसिंक्लस हा छोटा मासा घ्यावा. मल्टीच्या टाकीत तोही नको, कारण त्याला मऊ, म्हणजे कमी क्षारांचे पाणी लागते.

पाणी आणि क्रम

मुंबईच्या नळाला येणारे धरणांचे पाणी मऊ असते, ते रॅम, अपिस्टो यांना मानवते. क्लोरीन मात्र आधी घालवावे लागते. दख्खनच्या पठारावर बोअरचे पाणी बहुधा जड. तिथे रॅमच्या मागे लागून दर आठवड्याला आरओचे पाणी मिसळत बसण्यापेक्षा टांगानिकाचे मासे पाळणे शहाणपणाचे, त्यांना सामू (pH) ८ ते ९ चालतो. विदर्भातल्या उन्हाळ्यात पाणी ३२ अंशांपुढे गेले की त्यात विरघळणारा प्राणवायू कमी होतो, तेव्हा एअर पंप बंद ठेवू नये.

फिल्टरमध्ये माशांची घाण निरुपद्रवी करणारे जिवाणू रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. त्यानंतर आधी थवा आणि शेवटी सिक्लिड सोडावेत; आधी आलेला सिक्लिड अख्खी टाकी आपली समजतो. नंतर एखादा मासा घालायचाच झाला तर त्या दिवशी दगड-करवंट्यांची मांडणी बदलावी, म्हणजे जुन्या हद्दी मोडतात.

भारतीय सिक्लिड

भारतात या कुळाच्या तीनच मूळ जाती आहेत. कोकण-गोव्याच्या खाड्यांत मिळणारा काळुंदर (केरळात करिमीन, २०१० पासून त्या राज्याचा राज्यमासा) सहज २० सेंटीमीटरवर जातो, म्हणून लहान टाकीत त्याला जागा नाही. कानरा भागातील (कर्नाटकाची किनारपट्टी) एट्रोप्लस कॅनरेन्सिस बाजारात क्वचित दिसतो. उरतो तो नारिंगी क्रोमाइड, जेमतेम आठ सेंटीमीटरचा. त्याची एक जोडी दोन फुटांत नीट राहते. पिल्ले आईबापांच्या अंगावर चोच मारल्यासारखी टेकतात आणि त्वचेवरचा चिकट स्राव खातात. निसर्गात हा मासा काळुंदरच्या अंगावरचे परजीवी टिपून त्याची सफाई करतो, आणि संधी मिळाली तर त्याचीच अंडी व पिल्लेही खातो. किंचित खारट पाणी त्याला मानवते, त्यामुळे त्याच्यासोबत टेट्रा ठेवता येत नाहीत. मीठ सोसणाऱ्या मोली ठेवतात, आणि मोलीची जास्तीची पिल्ले क्रोमाइड खाऊन टाकतात.