दुबई तेलावर उभी नाही

पहिल्यांदा दुबईला निघालं की कुणीतरी म्हणतंच, "तेलाचा पैसा, दुसरं काय!" हा समज चुकीचा आहे. इथं तेल सापडलं १९६६ मध्ये. दुबईचे तेव्हाचे शासक शेख रशीद यांनी त्याआधीच, १९५९ पासून, व्यापारी बोटींना आत येता यावं म्हणून कर्ज काढून खाडीतला गाळ उपसायला घेतला होता. तेव्हा इथं रुपयाच चालायचा; त्याच्याही आधी इथले मोती मुंबईला जायचे. पुढे तेलानं हातभार लावला, हे मान्य; पण आज अर्थव्यवस्थेत त्याचा वाटा दोन टक्क्यांहूनही कमी आहे. तेलाचे मोठे साठे आहेत ते अबुधाबीत. बुर्ज खलिफा नंतर बघा. आधी खाडीवर अब्रा होडीत बसा. खाडीकाठच्या देरा भागातल्या धक्क्यावर लाकडी गलबतांवर फ्रिज आणि टायर चढताना दिसतील. दुबईची खरी कमाई व्यापाराची, ती तिथं डोळ्यांसमोर दिसते.