माहितीपट आणि माहितीपटाचे सोंग

४ ऑगस्ट २०१३ रोजी अमेरिकेतील डिस्कव्हरी वाहिनीने आपल्या ‘शार्क वीक’ या वार्षिक सप्ताहाचा आरंभ मेगालोडॉनवरील एका दीर्घ कार्यक्रमाने केला. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ एक बोट बुडते, बोटीवरची माणसे नाहीशी होतात, आणि कॉलिन ड्रेक नावाचे सागरी जीवशास्त्रज्ञ शोध घेत घेत या निष्कर्षाकडे येतात की, फार पूर्वी नष्ट झालेला समजला जाणारा हा महाकाय शार्क अजून जिवंत असावा. सुमारे ४८ लाख लोकांनी तो कार्यक्रम पाहिला. १९८८ पासून चालत आलेल्या या सप्ताहात तोवर कोणत्याही कार्यक्रमाला एवढा प्रेक्षक मिळाला नव्हता. प्रत्यक्षात तशी बोट बुडालेली नव्हती, ड्रेक नावाचे कोणी शास्त्रज्ञ नव्हते आणि त्यांची भूमिका एका नटाने केली होती.

माहितीपट आणि माहितीपटाचे सोंग घेतलेले नाट्य या दोहोंतला फरक नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, आणि गोंधळाचे मूळ तिथेच आहे. दोन्हींत हलता कॅमेरा असतो, गंभीर आवाजातले निवेदन असते, बोलणाऱ्याच्या नावाखाली त्याचे पद लिहिलेली पट्टी असते. चित्रपटगृहात शार्कपट पाहणाऱ्याला आपण कल्पित गोष्ट पाहत आहोत हे तिकीट काढतानाच ठाऊक असते. निसर्गविषयक वाहिनी लावणारा प्रेक्षक मात्र इथे दाखवतात ते घडलेले असते, असे गृहीत धरूनच बसतो. मेगालोडॉनच्या कार्यक्रमात खुलासा नव्हता असे नाही. तो शेवटी काही क्षण पडद्यावर आला. काही प्रसंग व पात्रे नाट्यरूपात दाखवली आहेत असे त्यात म्हटले होते, पण अशा शार्कची दर्शने आजही होत असल्याचेही त्याच दमात सांगितले होते. जो खुलासा खुलासा करतानाच पुन्हा संशय पेरतो, त्याला खुलासा म्हणणे कठीण आहे.

याच विषयावर खरा माहितीपट झाला असता तर तो कंटाळवाणा झाला असता, ही समजूत मला पटत नाही. शार्कचा सांगाडा हाडांचा नसून मऊ, लवचीक कूर्चेचा असल्यामुळे त्याचे जीवाश्म म्हणून मुख्यतः दात उरतात, आणि मेगालोडॉनचे दात सतरा-अठरा सेंटिमीटरपर्यंतचे सापडले आहेत. शार्कचे दात आयुष्यभर पडत आणि नव्याने येत राहतात. तेव्हा हा प्राणी आज जिवंत असता तर त्याचे ताजे दात समुद्रतळावर कुठे ना कुठे मिळाले असते. तसा एकही मिळालेला नाही. उपलब्ध जीवाश्मांवरून तो सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वी नष्ट झाला असे अलीकडचे संशोधन सांगते. ‘खोल समुद्र अजून कोणी पाहिलाय?’ हा अशा कार्यक्रमांचा हुकमी प्रश्न असतो. परंतु मेगालोडॉन उबदार आणि तुलनेने उथळ पाण्यात देवमाशांसारखे सस्तन प्राणी खाऊन जगणारा होता, आणि थंडगार, अन्नाची वानवा असलेल्या खोल पाण्यात एवढ्या देहाचे पोट भरणार कसे, हा प्रतिप्रश्न कार्यक्रम विचारत नाही.

याहून रंजक धागा एकोणिसाव्या शतकात सापडतो. ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश जहाजाच्या शोधमोहिमेत १८७५ मध्ये ताहितीजवळ खोल तळावरून मेगालोडॉनचे दात वर काढण्यात आले. त्यांवर साचलेल्या मँगनीजच्या थराची जाडी मोजून १९५९ मध्ये एका संशोधकाने त्यांचे वय अवघे अकरा हजार आणि चोवीस हजार वर्षे ठरवले. मेगालोडॉन कालपरवापर्यंत हयात होता, या दाव्याला तिथून आधार मिळाला. पुढे हा आधार निसटला, कारण थर साचण्याचा जो वेग त्या हिशेबात धरला होता तो फारच जास्त होता. असे थर अतिशय मंद गतीने, तेही जागोजागी वेगळ्या गतीने वाढतात. एका चुकीच्या गुणकाने लाखो वर्षे हजारांवर कशी येतात, ही तासभर खिळवून ठेवणारी कथा आहे, आणि तिला नटाची गरज नाही.

सोंगाची दुसरी तऱ्हा अधिक अवघड असते, कारण तिच्यात माणसे खरी असतात. ‘शार्क वीक’मधल्याच दुसऱ्या एका कार्यक्रमात लुइझियानातील शार्कवर काम करणाऱ्या संशोधकाची मुलाखत घेतली गेली, आणि प्रसारणात ती स्थानिक दंतकथेतल्या राक्षसी शार्कच्या शोधाला जोडली गेली, आपल्याला विषय वेगळाच सांगितला होता, असे त्या संशोधकाने नंतर जाहीरपणे म्हटले. शार्कच्या बाहेरही हेच घडले. याच समूहातील ॲनिमल प्लॅनेट वाहिनीने मे २०१२ मध्ये जलपऱ्यांवर अशाच धाटणीचा कार्यक्रम दाखवल्यानंतर, अमेरिकेच्या सागरी व वातावरणीय प्रशासनाला जलमानवांचा कोणताही पुरावा कधी मिळालेला नाही, असे संकेतस्थळावर लिहावे लागले. सरकारी खात्याला जलपऱ्यांविषयी निवेदन काढायला लावणे ही कामगिरी लहान नव्हे.

आमिषाच्या बाबतीत मात्र घाईने निवाडा करू नये. शार्क बोटीजवळ यावा म्हणून माशांचे तुकडे आणि रक्त पाण्यात सोडतात, आणि हे संशोधकही करतात, चित्रीकरण करणारेही. दक्षिण आफ्रिकेतील फॉल्स बेमध्ये ग्रेट व्हाइट शार्क पाण्याबाहेर संपूर्ण झेपावतानाची जी दृश्ये जगभर गाजली, त्यांतली अनेक बोटीमागे त्याचे भक्ष्य असलेल्या सील या सागरी प्राण्याच्या आकाराची नकली वस्तू ओढून मिळवलेली आहेत. झेप खरी असते, ती घडवून आणलेली असते, आणि हे प्रेक्षकाला सांगितले तर त्याला शिकारीची पद्धतही कळते व चित्रीकरणाचीही. न सांगितले तर जबडा उघडून पाणबुड्याच्या संरक्षक पिंजऱ्याला धडकणारा शार्क हीच त्याची रोजची वागणूक, असे प्रेक्षक समजतो.

संगीताचे तर मोजमापच झाले आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दोन हजारांवर लोकांना पोहणाऱ्या शार्कची एक मिनिटाची तीच ती चित्रफीत दाखवली गेली: काहींना भयसूचक संगीतासह, काहींना उल्हसित संगीतासह, तर काहींना निःशब्द. भयसूचक संगीत ऐकलेल्यांनी शार्कविषयी इतरांपेक्षा अधिक प्रतिकूल मत दिले. नुसते संगीत ऐकवले तेव्हा हा फरक पडला नाही. माहितीपटातले संगीत सहसा कोणी दाव्यात धरत नाही, पण ते दावाच करत असते.

उरला आकड्यांचा प्रश्न. फ्लोरिडातील आंतरराष्ट्रीय शार्क हल्ला नोंदवही माणसाने न डिवचता झालेले चावे वेगळे मोजते. २०२३ मध्ये जगभरात असे ६९ चावे नोंदले गेले. उलट बाजूला, २०१३ च्या एका अंदाजानुसार माणूस वर्षाला सुमारे दहा कोटी शार्क मारतो. शार्कच्या पाचशेहून अधिक जाती आहेत, त्यांतल्या बहुसंख्य माणसाच्या वाटेला जात नाहीत. कोकणात मुशी किंवा मोरी म्हणून बाजारात येतो तो मासाही शार्कच. ‘शार्क वीक’च्या २०२ भागांचे विश्लेषण २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांत मोजक्याच जातींवर भर, शार्कविषयी नकारात्मक सूर आणि संवर्धनाबद्दल उपयुक्त माहितीचा अभाव आढळला. २०१५ मध्ये वाहिनीच्या नव्या प्रमुखांनी बनावट कार्यक्रम बंद करण्याचे आश्वासन दिले होते. २०१७ मध्ये जलतरणपटू मायकेल फेल्प्स यांची शार्कशी शर्यत दाखवली गेली. प्रतिस्पर्धी संगणकावर तयार केलेला होता.

रक्त दाखवले की सनसनाटी आणि रक्त टाळले की शैक्षणिक, अशीही एक सोपी विभागणी केली जाते. ती भारतातल्याच उदाहरणावर टिकत नाही. माइक पांडे यांचा २००० सालचा ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर चालणारी व्हेल शार्कची शिकार दाखवतो: गळ टाकून पकडलेला, बसएवढा, प्लवकांवर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांवर, जगणारा निरुपद्रवी मासा किनाऱ्यावर ओढला जातो आणि कापला जातो. मेगालोडॉनच्या कार्यक्रमापेक्षा त्यात रक्त कितीतरी अधिक आहे. पण ते कोणाचे, कोणी सांडले, यकृताचे तेल लाकडी होड्यांना कसे चोपडले जाते आणि मांस परदेशी का जाते, हे सगळे चित्रपट सांगतो, आणि त्यातले काहीही तपासून पाहता येते. मे २००१ मध्ये व्हेल शार्कचा समावेश वन्यजीव संरक्षण कायद्याच्या, सर्वाधिक संरक्षण देणाऱ्या, पहिल्या अनुसूचीत झाला. हा मान मिळालेला तो पहिला मासा. पुढे गुजरातेत मोरारी बापूंनी त्याला ‘व्हाली’, म्हणजे माहेरी आलेली लाडकी लेक, म्हटले. जाळ्यात चुकून सापडलेला व्हेल शार्क सोडण्यासाठी मच्छीमार स्वतःचे जाळे कापू लागले, त्याची भरपाई वनखाते देऊ लागले, आणि सुटकेचा पुरावा म्हणून छायाचित्र काढता यावे यासाठी पुढे त्या मच्छीमारांच्याच हाती कॅमेरे देण्यात आले.