‘मानवाधिकार’चं कार्ड आणि खरा अधिकार

परभणीच्या बसस्टँडबाहेर एक बोलेरो दिसली. काचेवर लाल अक्षरांत ‘मानवाधिकार’, ड्रायव्हरच्या गळ्यात लॅमिनेट केलेलं कार्ड. असं कार्ड असलं की पोलीस हात लावत नाहीत, ही समजूत आपल्याकडे वर्षानुवर्षं फिरतेय. साफ चूक. ही कार्डं खासगी संघटना पैसे घेऊन वाटतात. १९९३च्या कायद्यानं झालेल्या राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाचा त्यांच्याशी संबंध नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या १९९८च्या जाहीरनाम्यानुसार, इतरांच्या हक्कांसाठी शांततेनं झटणारा कुणीही मानवाधिकार रक्षकच. गोदावरीतल्या वाळूउपशाविरुद्ध तहसीलात अर्ज टाकणारा शेतकरीसुद्धा! त्याला धमक्या आल्या आणि पोलिसांनी दखल घेतली नाही, तर आयोगाकडे साध्या कागदावर, मराठीत, फुकट तक्रार करता येते. (स्टॅम्पपेपरचे पैसे मागणारा बहुधा कार्डवालाच असतो.) फक्त घटनेला वर्ष उलटू देऊ नका, त्यानंतर आयोग चौकशी करत नाही.